बर्फ चिकटण्याआधी : विद्यापीठाच्या आवारातलं बर्फकाम आणि आपल्या पुण्यातलं शेवाळ

ओलीवाट (औंध) · १७ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

गेल्या जुलैत आमच्या आवारात वाचनालयाच्या उतारावर एक प्राध्यापिका घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने घरी होत्या. तो उतार व्हीलचेअरसाठी म्हणून बांधलेला. वर गुळगुळीत ग्रॅनाइट, आणि शेजारच्या पन्हाळीचं पाणी नेमकं त्यावर पडणारं. त्याच दिवशी सकाळी सव्वाआठला मी तिथून गेले होते. हिरवट थर मला दिसला होता. ऑफिसात पोचल्यावर सांगू कुणाला तरी, असं मनात म्हणत पुढे गेले आणि राहून गेलं. साडेदहाला त्या पडल्या.

हे मला फार लागलं, कारण मला हे काम येतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या आवार-देखभाल विभागात मी नऊ हिवाळे काढले. बर्फामुळे आणि गोठलेल्या पाण्यामुळे कुणी पडू नये, हेच आमचं नोव्हेंबर ते एप्रिलचं काम. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांसाठी पुण्याला परत आले आणि आता इथल्या एका आवाराची देखभाल बघते. तिकडचं शिकलेलं इथे काय उपयोगाचं, असं पहिलं वर्षभर मला वाटत होतं. चूक होती. मृग लागायला तीन आठवडे आहेत, म्हणून सगळं लिहून काढते. शाळा, सोसायटी, दवाखाना, आवार सांभाळणाऱ्यांनी आपले अनुभव जरूर घालावेत.

आधी बर्फाचं वजन समजून घ्या. ताजा भुसभुशीत बर्फ दहा सेंटिमीटर पडला, तर वितळल्यावर त्याचं साधारण एक सेंटिमीटर पाणी होतं. म्हणजे चौरस मीटरला दहा किलो. तीस सेंटिमीटर पडला की तीस किलो. एका रात्रीत हे ओझं सगळ्या रस्त्यांवर, पायवाटांवर, पायऱ्यांवर, गच्च्यांवर येऊन बसतं. सकाळी आठला पहिला तास. त्यामुळे ‘सगळं साफ करा’ असा हुकूम तिथे कुणी देतच नाही. आधी काय, मग काय, हा क्रम लागतो, आणि तो ऑक्टोबरातच नकाशा टेबलावर पसरून ठरवलेला असतो. भर वादळात, पहाटे तीनला, फोन वाजत असताना ठरवायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचा दरवाजा आधी मोकळा होतो.

आमचा क्रम असा होता: ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाच्या वाटा, इस्पितळाची दारं, व्हीलचेअरचे उतार, बसथांबे, वसतिगृहातून खानावळीकडे जाणारी वाट. त्यानंतर वर्गांकडे जाणाऱ्या मोठ्या पायवाटा. मोटारी उभ्या करायच्या जागा सगळ्यात शेवटी. बाहेरच्या काही पायऱ्या तर आम्ही अख्खा हिवाळा साखळी लावून बंदच ठेवायचो. नीट सांभाळता येत नाही ती पायरी उघडी ठेवणं हा धोका आहे, हे वरिष्ठांना पटवायला मला दोन हिवाळे लागले.

जमीन गोठायच्या आत आणखी एक काम उरकायचं. पदपथाच्या कडा, आगीच्या पाण्याचे नळ, गटारांची तोंडं, सगळ्यांशेजारी उंच रंगीत काठ्या रोवायच्या. बर्फ पडल्यावर सगळं एकसारखं पांढरं दिसतं. काठी नसेल तर यंत्राचं पातं कडेचा दगड उखडतं, नाहीतर नळ तोडतं.

बर्फ येणार असा अंदाज आला की संध्याकाळीच रस्त्यांवर मिठवणी फवारायची. साधारण २३ टक्के मीठ असलेलं पाणी. त्याने बर्फ लगेच वितळत नाही. तो जमिनीला चिकटत नाही, यासाठी ती फवारणी. (आधी पाऊस येऊन मग बर्फ होणार असेल तर फवारायची नाही, सगळी वाहून जाते.) पहाटे तीनला माणसं येतात. पायवाटांवर फिरत्या झाडूचं यंत्र, बर्फ जास्त असेल तर पातं लावलेलं, आणि पायऱ्यांवर फावडं. पायऱ्यांना यंत्र नाही, तिथे माणसाची पाठच लागते.

हे सगळं पहाटे का, तर पहिली शंभर पावलं पडायच्या आत वाट मोकळी हवी. बुटाखाली दबलेला बर्फ फरशीला असा धरून बसतो की झाडूच काय, फावडंही वरून घसरतं. मग मिठाची पोती रिकामी करावी लागतात. आमचे मुकादम पहिल्याच आठवड्यात हेच शिकवायचे की चिकटण्याआधी हात लागला तर एका माणसाचं काम, चिकटल्यावर चार माणसांचं.

जास्त माणसं पडतात ती मोठ्या वादळात नाही. वादळात सगळे जपून चालतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा ऊन पडतं, कडेचे ढीग वितळून पाणी वाटेवर येतं आणि रात्री त्याची काचेसारखी पारदर्शक पापडी होते. खालचं डांबर दिसत असतं, म्हणून माणूस बेसावध पाऊल टाकतो. त्यावर उपाय आदल्या महिन्यातच करायचा असतो: ढीग घालायचा तो वाटेच्या उताराच्या बाजूला, चढाच्या बाजूला कधीच नाही. वितळलेलं पाणी वाटेवरून वाहताच कामा नये.

आता आपल्या पन्हाळीकडे या. आमच्या ग्रॅनाइटच्या उतारावर हेच झालं होतं. पाणी चुकीच्या बाजूने वाटेवर येत होतं. शेवाळ नंतरचं.

शिवाजीनगरला आपला सिमला ऑफिस चौक आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून पडलेलं नाव. त्या चौकातून जाताना दर वेळी वाटतं, आपल्या शहरात पावसाचा अंदाज दारात मिळतो, मग आपण तयारी पहिल्या सरीनंतर का सुरू करतो?

पर्वती_दर्शन · १८ मे, सकाळी ७:०५

ताई, फार मनापासून लिहिलंत. आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात दोन जण पडले, त्यातल्या एक माझ्या सासूबाई. एक शंका आहे. तिकडे मीठ टाकतात, मग इथे शेवाळावर जाडं मीठ टाकलं तर? आमच्या वॉचमनने टाकलं होतं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

पाषाणचे_काका · १८ मे, सकाळी ११:३०

पर्वतीताई, कृपया मीठ टाकू नका. मी आयुष्यभर रसायनशास्त्रात काम केलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मीठ बर्फावर काय करतं हे पुणेकरांना घरात माहीत आहे. मे महिन्यात आंब्याचं पॉट आईस्क्रीम करताना लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालतो. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो, बर्फ वितळू लागतो आणि वितळताना भांड्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेतो. रस्त्यावर हेच घडतं, फक्त उष्णता रस्त्याची. २३.३ टक्के मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. ओलीवाट यांचा २३ टक्क्यांचा आकडा तिथून आला आहे.

पण थंडी वाढली की मिठाचा जोर फार झपाट्याने उतरतो. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवतं. उणे ७ च्या आसपास साडेआठ किलो. उणे १२ ला जेमतेम पाच. म्हणून उणे ९-१० च्या खाली साध्या मिठावर भिस्त ठेवत नाहीत, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. आणि तापमान मोजायचं ते फरशीचं. हवा आणि फरशी यांत काही अंशांचा फरक सहज असतो.

मीठ कुठेही नाहीसं होत नाही, ही त्यातली खरी अडचण. बर्फ वितळतो, मीठ पाण्याबरोबर ओढ्यात जातं आणि तिथेच राहतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम धरली. एक चमचा मीठ साधारण १९ लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. मीठ झिरपून काँक्रीटमधल्या सळयांपर्यंत गेलं की सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडते.

आपल्या पुण्यात शिवाजीनगरला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही जानेवारी १९३५ मधलं. आपल्याला गोठणबिंदूशी कर्तव्यच नाही. इथे मीठ टाकलंत तर जास्वंद मरेल, सळया गंजतील आणि पाणी रामनदीतून मुळेला जाईल. शेवाळ पुढच्या सरीला परत येईल.

आता शेवाळाबद्दल. मे महिन्यात फरशीवर, कठड्यावर जो काळा डाग दिसतो, त्याला लोक धूळ समजतात. बहुतेक वेळा ते सुकलेलं नीलहरित शैवाल असतं. सुकलेलं असतं, मेलेलं नसतं. पहिल्या सरीत पाणी पिऊन फुगतं आणि बुळबुळीत होतं. त्यामुळे ‘चिकटण्याआधी’ म्हणजे आपल्याकडे आत्ता, या पंधरा दिवसांत.

ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने ते मरतं, पण थर वायर ब्रशने घासून, धुऊन काढावाच लागतो. मेलेला थरही घसरडाच असतो. एक गोष्ट हात जोडून सांगतो: ब्लिचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. सफाईच्या माणसांना कुणी हे सांगत नाही, आणि बंद जिन्यात ते जिवावर बेतू शकतं.

दिघीचा_डोझर · १८ मे, रात्री ९:५०

राम राम ताई. मी ग्रेफमधून निवृत्त डोझर ऑपरेटर. मूळचा सातारा जिल्ह्यातला, भरती झालो ती इथे दिघी कॅम्पात. सीमेवरचे रस्ते करणाऱ्या ग्रेफचं केंद्र आपल्या पुण्यात दिघीला आहे, हे पुण्यातल्याच पुष्कळ लोकांना माहीत नसतं. काश्मीर-लडाखमधल्या जोजिला खिंडीतला बर्फ काढणाऱ्या पोरांची भरती आळंदी रोडला होते.

मी काश्मीरकडे होतो, तिकडचे रस्ते बघणाऱ्या ‘प्रोजेक्ट बीकन’वर. जोजिला साडेअकरा हजार फुटांच्या वर. तिथं तुमच्यासारखा दहा-वीस सेंटिमीटरचा हिशोब नाही, बर्फाच्या भिंती दोन मजली घरापेक्षा उंच. आमची पद्धत सांगतो. आधी डोझर वरचा थर ढकलत वाट पाडतो. मागून बर्फ कापायचं यंत्र येतं, ते फिरत्या पात्यांनी बर्फ आत घेऊन नळकांड्यातून लांब दरीकडे फेकतं. ढकललेला बर्फ कडेला साठवून चालत नाही, रस्ता अरुंद होत जातो. फेकावाच लागतो.

तुमच्या काठ्यांचं वाचलं आणि जुने दिवस आठवले. आमचंही तेच. रस्त्याची कड कळली नाही तर डोझर सरळ दरीत. जुनी माणसं कुठला डोंगर कुठल्या वळणासमोर येतो यावरून रस्ता सांगायची.

आम्ही काम पहाटे सुरू करायचो, पण कारण तुमच्यापेक्षा वेगळं. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट असतो. दुपारी ऊन लागलं की वरचा कडा सैल होतो आणि हिमकडा सुटतो. एक माणूस फक्त वर बघत उभा. तो शिट्टी मारेल तेव्हा यंत्र सोडून मागे यायचं, प्रश्न विचारायचा नाही. त्या माणसाच्या हातात फावडं नसायचं, पण सगळ्यात मोठं काम त्याचंच. माझ्या वेळी डिझेल दाट व्हायचं, सकाळी इंजिनाखाली ऊब देऊन मग चालू करायचो. आता थंडीचं वेगळं डिझेल आलंय म्हणतात, पोरांचे हाल कमी झाले असतील.

पूर्वी जोजिला चार-पाच, कधी सहा महिने बंद असायचा. २०२५ मध्ये ३२ दिवसांत उघडला. पेपरात वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

तुमच्या आवारात तो ‘फक्त वर बघणारा माणूस’ कोण आहे? एवढंच विचारायचं होतं.

ओलीवाट (औंध) · १८ मे, रात्री ११:२०

दिघीच्या काका, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्याकडे कोणीही नाही. झाडणारे आहेत, धुणारे आहेत, बिल तपासणारे आहेत. सकाळी सात वाजता नुसतं चालत जाऊन फरशी बघणारं कोणी नाही. गेल्या जुलैत मी बघितलं होतं, पण बघणं हे माझं काम म्हणून नेमलेलं नव्हतं, म्हणून मी पुढे गेले. उद्याच वेळापत्रकात हे घालते.

सई_बोपोडी · १९ मे, दुपारी १:१०

मी विद्यार्थिनी आहे, कोपराच्या कुबड्या घेऊन चालते. ओलीवाट ताई, तुमच्या यादीत उतार वरच्या नंबरला आहे हे वाचून बरं वाटलं. पण एक गोष्ट राहिली, ती सांगते.

आमच्या कॉलेजात उतार धुतात. अगदी स्वच्छ असतो. उतारापर्यंत पोचायची सहा मीटरची फरशी मात्र कोणी धूत नाही, ती ‘उतारात’ येत नाही म्हणून. वर गेलं की पोर्चमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि त्यावर शंभर छत्र्यांचं ठिबकलेलं पाणी. कुबडीचं रबरी टोपण ओल्या चकचकीत फरशीवर क्षणात सरकतं. डांबरावर किंवा खडबडीत दगडावर मला पावसातही भीती वाटत नाही. गेटपासून वर्गातल्या बाकापर्यंत एक सलग वाट हवी. मधला एक तुकडा वाईट असेल तर माझ्यासाठी अख्खी वाट बंद असते, आणि मग मी त्या दिवशी कॉलेजला जात नाही. हे पडण्याच्या नोंदीत कुठे येत नाही, कारण मी पडलेलीच नसते.

ओलीवाट (औंध) · १९ मे, सायंकाळी ६:४५

सई, तुझं शेवटचं वाक्य मी आमच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

तू सांगतेस ते बर्फातही अगदी असंच व्हायचं. रस्त्याचं यंत्र रस्ता स्वच्छ करून जातं आणि बाजूला सारलेल्या बर्फाचा बांध नेमका पदपथाच्या उताराच्या तोंडाशी टाकतं. रस्ता मोकळा, पदपथ मोकळा, मध्ये गुडघाभर बांध. रस्त्याची टोळी वेगळी, पदपथाची वेगळी, दोघांच्या कागदावर काम पूर्ण. शेवटी आम्ही यंत्रापाठोपाठ फावडं घेतलेला एक माणूस पाठवायला लागलो, त्याचं काम फक्त ती तोंडं मोकळी करणं.

पोर्चबद्दलही खरं आहे. तिकडे दारातली पायपुसणी चार-पाच मीटर लांब असतात, म्हणजे आत येणाऱ्याची बरीच पावलं त्यावर पडतात. इथे दीड फुटाचा तुकडा असतो आणि लोक तो ओलांडून जातात.

ओटावाचा_सदाशिवपेठी · २० मे, पहाटे ४:३०

इथे बसून हा धागा वाचताना दोन्ही घरं डोळ्यांसमोर येताहेत. मी ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात शिकलो. तिथे इमारती जमिनीखालून बोगद्यांनी जोडल्या आहेत, जवळजवळ पाच किलोमीटर. जानेवारीत वसतिगृहातून वर्गात स्वेटरवर जाता यायचं. आईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

मिशिगनमध्ये हॉलंड नावाचं गाव आहे. तिथे १९८८ पासून पदपथांखाली नळ्या घातल्या आहेत आणि वीज केंद्रात वाया जाणारं गरम पाणी त्यातून फिरवतात. बर्फ पडतो तसा वितळतो, मीठही नको आणि फावडंही नको. सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही, पण टाकाऊ उष्णतेची ही कल्पना मला फार आवडते.

ओलीवाट यांच्या क्रमावरून स्वीडनमधलं कार्लस्कोगा आठवलं. तिथल्या नगरपालिकेने २०११ च्या सुमारास तपासलं की आपण बर्फ आधी कुठला काढतो. उत्तर आलं, मोटारींचे मोठे रस्ते. पायी जाणारे, मुलांना पाळणाघरात सोडून मग कामाला जाणारे, यांच्या वाटा शेवटी. यात बायका जास्त होत्या, आणि निसरड्या वाटांवर पडून जखमी होणाऱ्यांतही पायी चालणारेच जास्त. त्यांनी क्रम फिरवला: पाळणाघरांच्या, पायी आणि सायकलच्या वाटा आधी. दहा सेंटिमीटर बर्फातून मोटार निघते, बाबागाडी ढकलून बघा. पुढे स्टॉकहोमनेही हे घेतलं. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथे एकदम विलक्षण बर्फ पडला आणि सगळं कोलमडलं, तेव्हा या क्रमावर खूप टीका झाली. मला ती पटत नाही. एवढ्या बर्फात कुठलाही क्रम कोलमडला असता.

खराटा_आणि_फुलं · २१ मे, रात्री ८:००

मी इथल्या एका मोठ्या संस्थेत बाग आणि सफाई दोन्हीचा सुपरवायझर. बावीस पावसाळे झाले. बर्फाचं मला काही माहीत नाही, पण इथलं सांगतो.

पहिलं काम पन्हाळी आणि गटारांची जाळी. पर्जन्यवृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पानं जाळीवर अशी बसतात की कागद चिकटवल्यासारखी. मग पाणी वाटेवर येतं. ताई म्हणाल्या तसं पाणी आधी, शेवाळ नंतर. जिथं शेवाळ दरवर्षी येतं तिथं वर बघायचं, पाणी कुठनं ठिबकतंय. एसीचं पाणी सोडलेलं असतं, पाण्याची टाकी वाहत असते. ते बंद केलं की अर्धं शेवाळ आपोआप जातं. दुसरं, झाडाच्या खालच्या फांद्या थोड्या उचलून घ्यायच्या. ऊन दोन तास जरी लागलं तरी फरक पडतो. झाड तोडायची अजिबात गरज नाही.

गुळगुळीत दगडाला कायमचा उपाय टाकी लावणं, म्हणजे छिन्नीने टोचे मारून दगड खरखरीत करणं. पूर्वी पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला बाया दारोदार यायच्या, तसंच. आमच्या जुन्या ऑफिसच्या आठ पायऱ्यांना आम्ही टाकी लावून घेतली, छिन्नी-हातोड्याने, कडेला तीन बोटं रुंद पट्टा. दोन माणसं, दोन दिवस. त्यानंतर त्या पायऱ्यांवर कोणी पडलेलं मला आठवत नाही. आर्किटेक्ट साहेबांना दिसायला आवडलं नव्हतं. ग्रॅनाइटला यंत्राने जाळून खरखरीत करतात, तेही चालतं.

शहाबादी फरशी घासायला खराटा पुरत नाही, वायर ब्रशच पाहिजे. जेटचं मशीन चांगलं, पण फरशीच्या सांध्यातलं सिमेंट उडवतं आणि मग सांध्यातच शेवाळ धरतं. जपून वापरावं.

आणि हे मनात आहे म्हणून लिहितो. सगळ्यात आधी घसरून पडतो तो घासणाराच. आमच्या दोन बायका पडल्या आहेत, पायात स्लिपर होत्या. कंत्राटाच्या माणसांना गमबूट द्यायला कंत्राटदार म्हणतो संस्थेने द्यावेत, संस्था म्हणते कंत्राटदाराने. ताई, तिकडे पहाटे तीनला येणाऱ्यांना बूट कोण द्यायचं?

ओलीवाट (औंध) · २१ मे, रात्री १०:४०

दादा, विद्यापीठ द्यायचं. बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टेही. वादळ लांबलं तर झोपायला खाटा, आणि पहाटे पाचला गरम सूप. सलग किती तास काम करायचं याला मर्यादा होती, कारण दमलेल्या माणसाच्या हातात यंत्र देणं धोक्याचं. यंदाच्या आमच्या कंत्राटात गमबूट संस्थेच्या खर्चाने, असं मी स्वतः लिहून घेतलं आहे. हे तुमचं वाचल्यावर लिहिलं, आत्ताच.

तुमची टाकीची कल्पना वाचनालयाच्या उतारासाठी विचारते. काम करणारी माणसं अजून मिळतात का?

खराटा_आणि_फुलं · २२ मे, सकाळी ६:३०

मिळतात. आमच्याकडे काम केलेले वडार समाजातले दोघे बापलेक आहेत, त्यांना विचारून कळवतो. पावसाच्या आत करून घ्या, ओल्या दगडावर छिन्नी सटकते.

पर्वती_दर्शन · २६ मे, दुपारी ४:१५

रविवारी सोसायटीत आम्ही अकरा जणांनी मिळून काळे डाग घासले. काकांनी सांगितल्याप्रमाणे ब्लिचिंग, मग ब्रश, मग पाणी, आणि ॲसिडची बाटली आधीच कुलपात. गच्चीच्या टाकीचा ओव्हरफ्लो थेट जिन्याच्या तोंडाशी पडत होता, हे नऊ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. प्लंबरने एक वळण बसवलं. सासूबाईंनी खाली उतरून स्वतः पाय घासून बघितला.

ओलीवाट (औंध) · २८ जुलै, रात्री ९:३०

दोन महिने झाले, म्हणून जे झालं ते सांगते.

उताराला टाकी लागली, ६ जूनला संपली. पन्हाळ वळवली. सईने सांगितलेली सलग वाट आम्ही नकाशावर आखली: गेट, वाचनालय, दोन मोठ्या वर्गइमारती, खानावळ. ती आखताना लक्षात आलं की मधले चार तुकडे तीन वेगवेगळ्या कंत्राटांत होते आणि एक कुणाच्याच नव्हता. आता सगळी वाट एकाच टोळीकडे आहे. मागच्या पोर्चच्या संगमरवरी पायऱ्या साखळी लावून बंद केल्या. दोन विभागांनी तक्रार केली, वळसा पडतो म्हणून. त्यांना मी स्वतः जाऊन भेटले.

वर बघणारा माणूस म्हणजे आमच्या मावशी, बारा वर्षं सफाईत असलेल्या. सकाळी पावणेसात ते साडेसात त्यांच्या हातात झाडू नसतो. फक्त चालतात आणि बघतात. हिरवं दिसलं की खडूने गोल करतात, आणि तो गोल नऊच्या आत घासला गेलाच पाहिजे असं ठरलंय. पहिल्या आठवड्यात त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं, ‘लोकांना वाटेल मी फुकट फिरतेय.’ आता त्या मलाच सांगतात कुठल्या इमारतीची कुठली पन्हाळ फुटायला आली आहे.

एक मुलगा पडला, १४ जुलैला, खानावळीच्या मागे. कोपर खरचटलं. पाण्याचा टँकर तिथे उभा राहतो आणि त्याची झडप गळते. ती जागा आमच्या नकाशावर नव्हती. आता आहे, आणि टँकर पलीकडे उताराच्या बाजूला उभा राहतो.

त्या प्राध्यापिका जूनपासून परत येताहेत. अजून काठी आहे. पहिल्या दिवशी त्या उताराशी थांबल्या, खाली वाकून दगडावर हात फिरवला आणि वर गेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सव्वाआठला मी काय बघितलं होतं तेही. त्यांनी विचारलं, आज सकाळी कोणी बघितलं का? मी म्हटलं, हो, सात दहाला.

दिघीच्या काका, तुम्ही येणार होतात आमच्याकडे. मावशींना तुमच्या शिट्टीवाल्या माणसाबद्दल सांगितलंय. त्या विचारत होत्या, तो दिवसभर वरच बघायचा, तर त्याला जेवण कोण नेऊन द्यायचं?

दिघीचा_डोझर · २९ जुलै, सकाळी ५:५५

आम्हीच द्यायचो ताई, पाळीपाळीने. त्याचा डबा आधी जायचा. शनिवारी येतो.